स्पर्धेला जायचंच नाही, मग रोज पहाटे एवढं पोहायचं कशाला?

ताई, तुमचा प्रश्न वाचून आधी हसूच आलं, कारण गेल्या एकवीस वर्षांत मोठ्यांच्या बॅचेस घेताना हाच प्रश्न मला कितीतरी बायकांनी आणि चार-पाच नवऱ्यांनी पण विचारलाय. तुम्ही लिहिलंय की मिस्टर ४४ वर्षांचे आहेत, आठवड्यातून पाच दिवस पहाटे साडेपाचच्या बॅचला जातात, त्यासाठी रात्री दहाला झोपतात, लग्नात जिलब्या मोजून खातात, वहीत सगळे टायमिंग लिहून ठेवतात, आणि मास्टर्सच्या, म्हणजे मोठ्या वयाच्या लोकांच्या, स्पर्धेचा फॉर्म पुढे केला की "नको गं" म्हणून विषय बंद. मग एवढी मेहनत कशासाठी, मनात भीती आहे का, की टँक हे नुसतं घरातून सटकायचं निमित्त आहे.

घरातून सटकायचं निमित्त थोडंफार असतंच, ते सोडून द्या. बाकीचं सांगते, जरा लांबण लागेल.

आधी माझंच सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी लहानपणी स्पर्धेत पोहायचे, बॅकस्ट्रोक, जिल्हा, मग राज्य. सकाळ-संध्याकाळ टँक, डोळे कायम लाल, केस झाडूसारखे. सतराव्या वर्षी सोडलं ते असं सोडलं की पुढची नऊ वर्षं मी टँकच्या रस्त्याने सुद्धा जायचे नाही, क्लोरीनचा वास आला की पोटात गोळा यायचा, कारण त्या वासाच्या मागोमाग कॉल रूममधला, म्हणजे रेसच्या आधी बसवतात त्या खोलीतला, बाक आणि तिथं बसून थरथरणारे गुडघे आठवायचे. परत पाण्यात उतरले ती मुलगी झाल्यावर, पाठ धरली म्हणून डॉक्टरांनी पाठवलं तेव्हा. आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं की अरे, आपल्याला पाणी आवडतं. लहानपणी आवडायला कोणी वेळच दिला नव्हता. त्यानंतर मी आजतागायत एकही रेस पोहलेली नाही आणि आठवड्याला दहा-बारा किलोमीटर पोहते. म्हणजे तुमच्या मिस्टरांच्याच जातकुळीतली आहे, हे आधीच कबूल.

तर पहिला गट हा आमचा. लहानपणी स्पर्धेत भाजून निघालेले. ही माणसं पाण्यात बघितली की लगेच ओळखू येतात, टर्न एकदम साफ, आणि कोणी "तुम्ही पूर्वी स्पर्धेत होता का" विचारलं की गॉगलची काच पुसायला लागतात. लहान मुलांना स्पर्धेचा काहीतरी हिशोब असतो, दहावीला क्रीडा गुण मिळतात, पुढे स्पोर्ट्स कोटा असतो, आई-बाबांचं व्हॉट्सॲप स्टेटस असतं. चाळिशीत यातलं काही नाही. मग त्या माणसाला वाटतं की आता तरी कोणी घड्याळ धरून उभं नसताना पोहू दे. तुमच्या मिस्टरांचं लहानपण माहिती करून घ्या एकदा, पोहण्याचंच असं नाही, एखादं नाटक, क्रिकेट, वक्तृत्व, कुठेतरी स्टेजवरून उतरवलेलं असतं माणसाला.

दुसरा गट म्हणजे मोठेपणी शिकलेले, आणि हे जास्त इंटरेस्टिंग आहेत. आमच्याकडे एक काका आहेत, साताऱ्याकडचे, लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकलून शिकवलेले. मान वर काढून कितीही वेळ पोहतील, सूर मारतील, मुटका मारतील, पण डोकं पाण्यात घालून श्वास सोडणं त्यांना ४६ व्या वर्षी पहिल्यांदा जमलं. सहा महिने लागले. ज्या दिवशी २५ मीटर न थांबता नीट फ्रीस्टाइल झाली त्या दिवशी ते काठाला धरून नुसते हसत होते, पाणी नाकात गेलेलं, आणि हसतायत. त्या माणसाला मी त्याच वर्षी स्पर्धेला चला म्हणलं तर म्हणाले, "मॅडम, तिथं जाऊन मला कळणार काय, की माझ्यापेक्षा फास्ट लोक आहेत? ते मला हितंच दिसतंय की." आता याला काय उत्तर देणार.

खरं म्हणजे हाच मुद्दा आहे. स्पर्धा एका प्रश्नाचं उत्तर देते, आज या पाण्यात सगळ्यात आधी भिंतीला हात कोणाचा लागला. सराव वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतो, काल जो हात पाण्यात घसरत होता तो आज पकडतोय का, शंभर मीटरच्या दहाव्या फेरीला पण श्वास तिसऱ्या स्ट्रोकलाच येतोय का, की घाबरून दुसऱ्यावर आला. ज्याला ही दुसरी उत्तरं हवी आहेत त्याला पहिल्या प्रश्नात गंमत वाटत नाही, यात भीती कुठे आली. पहाटे उठून तानपुरा लावून बसणारे कितीतरी लोक असतात, ते मैफिली करत नाहीत, त्यांना आपण कधी विचारतो का की काका घाबरता का. आणि वारीहून आलेल्याला कोणी विचारलंय, कितवे आलात?

बाहेरच्या लोकांना वाटतं सिरियस सराव म्हणजे नुसतं जोरात पोहणं, तसं नसतं, म्हणून एक साधा सेट सांगते. ४०० मीटर वॉर्मअप, मग ४ वेळा ५० ड्रिल, म्हणजे स्ट्रोक सुधारायचे व्यायाम, मग मुख्य काम १० वेळा १०० मीटर, दर सव्वादोन मिनिटांना निघायचं. म्हणजे तुम्ही शंभर २ मिनिटं ५ सेकंदांत मारलं तर १० सेकंद दम खायला मिळतात, २:१२ लागले तर ३ सेकंद, म्हणजे गॉगल सारखा करेपर्यंत परत निघायची वेळ. मग २०० किक, म्हणजे नुसते पाय मारणं, ४ वेळा २५ फास्ट, शेवटी २०० सावकाश. एकूण २१०० मीटर, एका तासाच्या बॅचमध्ये जेमतेम बसतं. यात खरी मजा त्या दहा शंभरांत आहे. पहिले तीन सगळ्यांनाच सोपे जातात आणि तिथंच नवखा माणूस १:५५ मारून बसतो, मग सातव्याला त्याचं विमान खाली येतं. अनुभवी माणूस दहाही २:०५, २:०६, २:०५ असे मारतो आणि शेवटचा २:०३. वहीत ते दहा आकडे लिहिताना जो आनंद होतो ना, तो तुम्हाला बाहेरून दिसणार नाही, पण माझ्यावर विश्वास ठेवा, त्याला पदक लागत नाही. तुमच्या मिस्टरांच्या वहीत बघा, असे एकाखाली एक जवळजवळ सारखे आकडे असतील तर माणूस चांगला पोहतोय.

आणि मोजमापाचं म्हणाल तर स्पर्धेशिवाय पण अगदी काटेकोर होतं. आम्ही दर सहा आठवड्यांनी टेस्ट घेतो, आधी ४०० मीटर जीव तोडून, मग भरपूर आराम, मग २०० मीटर. दोन्ही वेळांची वजाबाकी करायची आणि निम्मं करायचं. समजा ४०० ला ८ मिनिटं लागली आणि २०० ला ३ मिनिटं ४८ सेकंद, तर फरक ४:१२, निम्मे २:०६, हा तुमचा शंभरचा वेग जो तुम्ही दमछाक न होता बराच वेळ धरू शकता. याला सीएसएस (क्रिटिकल स्विम स्पीड) म्हणतात, पुढचे सगळे सेट यावरून ठरवायचे. मार्चमध्ये २:०६ असलेला माणूस दिवाळीला २:०१ वर आला तर त्याला स्वतःबद्दल जे कळायचं ते कळलं, त्यासाठी दुसऱ्या गावी जाऊन रविवार घालवायची गरज नाही.

रविवारावरून आठवलं, हे कारण लोक लाजून सांगत नाहीत पण सगळ्यात कॉमन आहे. स्पर्धा म्हणजे सकाळी सातला रिपोर्टिंग, वयाचा दाखला, मेडिकल सर्टिफिकेट, फॉर्म, कार्यक्रमाचं उद्घाटन, पाहुण्यांचे हार, मग तुमची हीट दुपारी एकला, ५० मीटर, ३८ सेकंद. परत दोन तासांनी १०० मीटर, दीड मिनिट. दिवसभरात दोन-सव्वादोन मिनिटं पोहणं आणि बाकी वेळ ओल्या टॉवेलवर बसून वडापाव. नोकरी करणाऱ्या, घरी आई-वडील आजारी असणाऱ्या माणसाला आठवड्यात एकच सुट्टी, त्यात तो दोन किलोमीटर निवांत पोहून दहापर्यंत घरी पोह्यांना हजर होऊ शकतो. हिशोब सरळ आहे.

बायकांचं कारण अजून वेगळं असतं. माझ्या लेडीज बॅचमध्ये एक मावशी आहेत, ३८ व्या वर्षी शिकल्या, आता पन्नाशी ओलांडली, दोन किलोमीटर एका दमात मारतात, काय सुंदर स्ट्रोक आहे, मी नवीन मुलींना त्यांच्याकडे बघायला सांगते. स्पर्धेचं विचारलं तर म्हणाल्या, गॅलरीत सगळे मोबाइल वर करून बसतात. बस. पुढे काही बोलल्या नाहीत आणि मी पण विचारलं नाही. लेडीज बॅचला सासरच्यांनी "जाऊ दे" म्हणावं यासाठीच त्यांनी दोन वर्षं घालवली होती, ते मिळालेलं त्यांना कुठल्या तरी व्हिडिओपायी घालवायचं नाहीये. हे मला पटतं.

शरीराचं पण कारण आहे आणि ते खरं आहे, बहाणा नाही. २५ मीटरच्या टँकला साधारण १८ स्ट्रोक धरले तर ३००० मीटरला १२० लॅप, म्हणजे २१६० स्ट्रोक, एका खांद्याला १०८०. आठवड्यात पाच दिवस म्हणजे ५४०० वेळा एकच खांदा डोक्यावरून फिरतो. सावकाश, नीट फिरवला तर पन्नाशीतला खांदा हे सहन करतो, पण रेसच्या तयारीला जो स्फोटक वेग लागतो, हाताला पॅडल (प्लास्टिकच्या पट्ट्या) लावून स्प्रिंट, त्यात कुरकुर चालू होते. ज्याला सत्तरीपर्यंत पोहायचंय त्याने खांदा जपून वापरायचा ठरवला तर मी त्याला शहाणा म्हणते. बीपीवाल्यांना तर श्वास धरून जीव खाऊन ५० मीटर मारणं मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच देत नाही.

आता थोडं मागे जाऊन एक गंमत सांगते. हे जे मास्टर्स स्विमिंग म्हणतात त्याची सुरुवात १९७० साली अमेरिकेत टेक्सासमधल्या ॲमरिलो गावी झाली, मोठ्या माणसांसाठी पहिली राष्ट्रीय स्पर्धा. त्यामागे रॅन्सम आर्थर नावाचे नौदलातले डॉक्टर होते. त्यांचा विचार असा की कॉलेज संपलं की लोक पोहणं सोडतात, बसून बसून तब्येत बिघडते, तर त्यांच्यापुढे स्पर्धा ठेवली म्हणजे ती माणसं सरावाला येतील. म्हणजे मुळात हवा होता सराव, स्पर्धा हे पुढे धरलेलं गाजर! पुढे ते जगभर पसरलं, १९८६ ला टोकियोत पहिली जागतिक मास्टर्स झाली, २५ वर्षांपासून पुढे पाच-पाच वर्षांचे वयोगट. पण तुमचे मिस्टर गाजराशिवायच पहाटे साडेपाचला हजर आहेत, त्या डॉक्टरांनी तर त्यांची पाठ थोपटली असती. आणि तिकडे अमेरिकेत सुद्धा मास्टर्स क्लबमध्ये सराव करणारे कितीतरी लोक कधी रेसला उभेच राहत नाहीत, ते तिथं कोणाला खटकत नाही.

शिवाय अवघड गोष्ट करायची तर स्पर्धाच लागते असं थोडीच आहे. इंग्लिश खाडी बघा, सरळ मोजली तर ३३ किलोमीटरच्या आसपास, वेटसूट नाही, सोबतच्या बोटीला हात लावायचा नाही, बाजूला पळवायला प्रतिस्पर्धी कोणी नाही. मिहीर सेन १९५८ ला पोहून गेले, आरती साहा १९५९ ला. आपल्या पुण्याचा रोहन मोरे २०१८ ला 'ओशन्स सेव्हन', म्हणजे जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या, पोहून पूर्ण करणारा पहिला आशियाई झाला. त्यात कोणाला हरवलं? कोणालाच नाही. आपण सगळे त्या लेव्हलचे नाही ते सोडा, पण तत्त्व तेच.

हे सगळं ठीक, पण सगळेच न जाणारे असे समाधानी असतात असं मी म्हणणार नाही, काही खरंच घाबरलेले असतात आणि तुमच्या शंकेत तेवढं तथ्य असू शकतं. ओळखायचं कसं ते सांगते. टेस्टच्या दिवशी ज्याचं नेमकं पोट बिघडतं. कोणी न विचारता जो सांगतो की मी एकदा ५० मीटर ३५ मध्ये मारलं होतं. स्पर्धेला जात नाही पण रात्री निकालाची पीडीएफ उघडून आपल्या वयोगटात तिसरा कोण आला आणि किती वेळात ते बघतो, आणि म्हणतो "एवढ्यात तर मी पण". हा माणूस मनातून रोज रेस पोहतोय, फक्त उभा राहत नाहीये. त्याला थोडा धक्का द्यायला हरकत नाही, पण तो रिलेचा द्यावा. रिलेमध्ये चौघं असतात, दोष वाटून जातो, आणि जागतिक मास्टर्समध्ये रिलेचा गट चौघांच्या वयाची बेरीज करून ठरतो, म्हणजे म्हातारा मेंबर असला की टीमला फायदाच, तेव्हा लोक आपणहून एखाद्या आजोबांना शोधत येतात. मास्टर्सच्या नियमात ब्लॉकवरून सूर मारायची सक्ती पण नाही, काठावरून किंवा पाण्यातून सुद्धा स्टार्ट घेता येतो, हे माहिती नसल्यामुळे कितीतरी जण घाबरून राहतात. किंवा डिसेंबरात मालवणला चिवला बीचवर समुद्रात पोहायच्या स्पर्धा होतात तिथं जावं, नुसतं बघायला, शाळेतल्या पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे पाण्यात असतात आणि परत येताना मासे खाऊन यायचं, निकाल कोणाच्या लक्षात राहत नाही.

पण जो तसा नाही त्याला ढकलू नका. ही चूक मी स्वतः केलीय. सुरुवातीच्या वर्षांत मला वाटायचं की माझी बॅच स्पर्धेत दिसली पाहिजे, कोच म्हणून माझं नाव होईल, खोटं कशाला बोलू. एका बँकेतल्या गृहस्थांच्या मागे लागून लागून मी त्यांना १०० मीटर फ्रीस्टाइलला उभं केलं. सरावात माणूस घड्याळासारखा पोहायचा. त्या दिवशी शिट्टी झाली, पहिले ५० मीटर त्यांनी आयुष्यात मारले नव्हते इतके फास्ट मारले, आणि मग हात शिशाचे झाले, शेवटचे १५ मीटर लेनची दोरी धरत धरत आले. गॅलरीतून टाळ्या पडल्या, त्या कौतुकाच्याच होत्या पण त्यांना त्या दयेच्या वाटल्या. नंतर ते टँकवर आले नाहीत. फोन केला तर म्हणायचे ऑडिट चालू आहे. चार वर्षं रोज येणारा माणूस दीड मिनिटात गेला, आणि ते माझ्यामुळे. तेव्हापासून मी वर्षातून एकदा सगळ्यांना सांगते की अमुक तारखेला स्पर्धा आहे, ज्यांना यायचंय त्यांनी नाव द्या, आणि परत विषय काढत नाही.

म्हणून कृपा करून वाढदिवसाचं सरप्राइज म्हणून त्यांचा फॉर्म परस्पर भरू नका. असं एका घरी झालंय, पोरांनी भरला, बाबांनी दोन महिने टँकच बंद केला.

बाकी स्पर्धा करत नाहीत म्हणजे त्यांच्यात ईर्ष्या नाही असं समजू नका हां. एकदा पहाटे येऊन तिसऱ्या लेनला बघा. पुढे कोण जाणार यावरून रोज मूक भांडण असतं, "तुम्ही जा पुढे", "नाही नाही तुम्ही", आणि जो मागे राहतो तो पहिल्या लॅपपासून पुढच्याच्या पायाला बोटं लावत असतो. आमच्याकडे दोन इंजिनिअर आहेत, दोघेही म्हणतात आम्हाला कॉम्पिटिशन आवडत नाही, आणि दोघांनी एकमेकांचा स्ट्रोक काउंट पाठ केलेला आहे. फक्त ती ईर्ष्या साडेसहाला शॉवरखाली धुऊन जाते, बाहेर टपरीवर चहा प्यायला दोघं एकाच स्कूटरवर जातात.

एक सूचना मात्र त्यांच्यासाठी, तुम्ही सांगा किंवा हे वाचायला द्या. स्पर्धा नसलेल्या लोकांचा सराव हळूहळू एकसुरी होतो, रोज तेच दोन किलोमीटर त्याच वेगात, आणि मग वर्षभर आकडा हलत नाही. रेसवाल्यांना तारीख असते म्हणून त्यांचा सराव वर-खाली होतो, यांनी तो मुद्दाम करावा लागतो. तीन आठवडे चढवायचं, चौथा आठवडा निम्मा. आठवड्यातून एक दिवस छोटे फास्ट २५, खांदा परवानगी देईल तेवढेच. वर्षातून एक-दोन मोठे दिवस ठेवायचे, काही जण वाढदिवसाला वयाइतके पन्नास मारतात, म्हणजे तुमच्या मिस्टरांना ४४ वेळा ५०, २२०० मीटर होतील.

आणि आमच्याकडे ३१ डिसेंबरला शंभर वेळा शंभर असतं. दहा किलोमीटर, दर सव्वादोन मिनिटांना, पावणेचार तास. बक्षीस नाही, नंबर नाही, शेवटी सगळ्यांना उपमा आणि चहा. त्यांच्या टँकवर पण असं काहीतरी असेल, नसेल तर त्यांना सुरू करायला सांगा. त्या दिवशी पोहणारे भरपूर असतात पण मोजणारे कमी पडतात, साठ-सत्तर झाल्यावर पोहणाऱ्याला स्वतःचा आकडा आठवत नाही, काठावर कोणीतरी पाटी धरून बसावं लागतं. तुम्ही जा मोजायला. स्वेटर आणि कानटोपी घेऊन जा, डिसेंबरात पहाटे काठावर पाण्यातल्यापेक्षा जास्त थंडी वाजते.